फिरून येणारी सायकल: जुन्या-नव्या फॅशनी आणि मजेसाठी चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी सायकल घ्यायची असो की घरात धूळ खात पडलेली पुन्हा काढायची असो, त्याच त्या शंका लोक विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी शर्यतीत उतरत नाही. रमतगमत, लांबवर आणि वर्षानुवर्षं सायकल चालवत आलो आहे, म्हणून ही उत्तरंही त्याच नजरेतून आली आहेत.

सायकलीतल्या जुन्या गोष्टी परत येतात म्हणतात. नेमकं काय परत आलंय?

बरंच काही. रुंद टायर, स्टीलची फ्रेम, मडगार्ड आणि कॅरिअर लावलेली लांबच्या प्रवासाची सायकल, एकाच गिअरची सायकल, कच्च्या रस्त्यावर चालणारी वाकड्या हॅण्डलची सायकल. सगळ्यात गोड उदाहरण लहान मुलांच्या बिनपेडलच्या सायकलीचं. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन द्राइस यांनी दोन चाकांचं लाकडी वाहन रस्त्यावर आणलं. त्याला पेडल नव्हतं. त्यावर बसायचं आणि जमिनीला पाय मारत पुढे जायचं. पुढे पेडल आलं, चेन आली आणि ही रचना संग्रहालयात गेली. आज दोन-तीन वर्षांची मुलं अगदी त्याच पद्धतीने शिकतात.

ती परत आली कारण मागच्या चाकाला दोन बाजूंना छोटी चाकं लावून शिकवण्यात एक खोट होती. ती चाकं सायकलीला कलूच देत नाहीत, आणि तोल सांभाळणं म्हणजे ज्या बाजूला कलतोय त्या बाजूला हॅण्डल वळवणं. हे एकदा अंगात भिनलं की पेडल मारणं पोरं एका दुपारी शिकतात. आधी तोल, मग पेडल, हा क्रम द्राइस यांच्या सायकलीतच होता.

हवेच्या टायरचा शोध दोनदा लागला, हे खरं का?

खरं आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं होतं. ते घोडागाडीच्या चाकांसाठी होतं. तेव्हा पेडलची सायकलच नव्हती, आणि शोध विस्मरणात गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला गचके बसू नयेत म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकावर बसवली. आधीच्या पेटंटची त्यांना कल्पना नव्हती. पुढे थॉमसनचं पेटंट उजेडात आलं आणि डनलप यांचं रद्द ठरलं. कल्पना तीच होती, पण दुसऱ्या वेळी तिला दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल मिळाली. ती जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ मध्ये ‘रोव्हर’ या नावाने आणली होती.

विजेच्या सायकलीचंही असंच झालं. ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या पेटंटमध्ये मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) मोटर आहे. आजच्या कितीतरी सायकलींत ती तिथेच असते. हलकी आणि भरपूर साठवणारी बॅटरी मात्र शंभर वर्षांनी आली.

मग कुठली फॅशन परत येते आणि कुठली कायमची जाते?

मला यात एक धागा दिसतो, आणि बाकीची बहुतेक उत्तरं त्यालाच धरून आहेत. शर्यतीने टाकून दिलेली, पण मजेसाठी चालवणाऱ्यांनी जपलेली गोष्ट परत येते. शर्यतीचा रस्ता ठरलेला असतो, नियम ठरलेले असतात, मागे गाडीत सुटे भाग आणि मेकॅनिक असतो. अशा जगात जे जिंकतं तेच दुकानातल्या सायकलींवर उतरतं, आणि मग तुमच्या-माझ्यासारख्याला मडगार्ड बसत नाही अशी फ्रेम, खडीत रुतणारं टायर आणि चढाला जड पडणारे गिअर पदरात पडतात. दरम्यान कुठेतरी मूठभर लोक आपल्याला सोयीचं आहे म्हणून जुनंच वापरत राहतात. वीस-तीस वर्षांनी बाजार त्यांच्याकडे वळून बघतो.

ज्या गोष्टीमागे शरीराची, रस्त्याची किंवा वजनाची काही गरज उरत नाही, ती कायमची जाते. उंच पुढच्या चाकाची सायकल गेली ती गेलीच. चेन नसताना एका फेरीत जास्त अंतर कापायचं तर पेडल लावलेलं चाकच मोठं करावं लागे. चेन आली आणि ती गरज संपली. चालवणारा डोक्यावर पडायचा तो धोका वेगळाच.

गिअरवरही कधी वाद होता?

मोठा वाद होता, आणि मला तो फार जवळचा वाटतो. फ्रान्सच्या सेंत-एतियेन गावात पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) नावाचे गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलीवर लिहीत. ते स्वतःचं मासिक चालवत आणि डोंगर चढून-उतरून बघत. शरीराची ताकद तीच राहते, चढ मात्र बदलतो. म्हणून गिअरही बदलता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत उलट होतं. माणसाने पायाच्या जोरावर जिंकावं, गिअर म्हातारपणी ठीक, असं ते मानत. टूर १९०३ मध्ये सुरू झाली आणि डिरेलर गिअरला (चालता चालता चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या) तिथे परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर शर्यतवाले खाली उतरून मागचं चाक काढत आणि दुसऱ्या बाजूचं दातेरी चाक वापरायला उलटं बसवत. हौशी प्रवासी मात्र कधीच गिअर बदलत पुढे गेलेले असत.

हाच वाद नव्वदीच्या दशकात वेगळ्या रूपात परत आला. दुकानात मिळणाऱ्या रोड सायकलींना शर्यतीचे गिअर असत. सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ३९ दाते आणि मागे २३. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर या गिअरवर ताशी जवळपास १३ किलोमीटरचा वेग येतो. आता ८ टक्क्यांचा चढ धरा, तुमचं आणि सायकलीचं मिळून वजन ८० किलो धरा. या वेगाने तो चढायला साधारण २४० वॅट लागतात. सराव असलेला माणूस तेवढं काही मिनिटं देऊ शकेल, पण अर्धा तास सलग देणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर त्याच ६० फेऱ्यांत वेग साडेसातच्या आसपास येतो आणि १४० वॅटमध्ये भागतं. माणूस बोलत बोलत वर पोहोचतो. हे हलके गिअर प्रवासी सायकलींवर कायमच होते. आज ते सगळीकडे आले आहेत आणि व्यावसायिक खेळाडूही वापरतात. चढावर उतरून सायकल ढकलावी लागत असेल तर आधी आपल्या चेनव्हीलचे (पेडलजवळच्या दातेरी चाकाचे) आणि कॅसेटचे (मागच्या दातेरी चाकांचे) दाते मोजा. बऱ्याचदा दोष पायांचा नसतोच.

रुंद टायर खरंच सावकाश चालत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो. या दबण्या-सुटण्यात रबर आणि आतलं कापड थोडी ऊर्जा गिळतात. हवेचा दाब सारखा ठेवला तर रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आखूड आणि आडवा उमटतो, अरुंद टायरचा लांबुळका. ठसा आखूड असला की टायरला कमी वाकावं लागतं. हा झाला पहिला भाग.

दुसरा भाग बरीच वर्षं कुणी मोजतच नव्हतं. टायरच्या चाचण्या प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी ड्रमवर होत. तिथे जितकी हवा जास्त तितका आकडा चांगला. खरा रस्ता खडबडीत असतो. दगडासारखं टणक टायर प्रत्येक खड्याला उडतं आणि तो हादरा माणसाच्या मांड्या, हात, पाठ यांत जिरतो. हे जिरणं म्हणजे तुमच्याच पायांनी दिलेली ताकद वाया जाणं. ड्रमवर माणूस बसलेला नव्हता, त्यामुळे हे कुणाला दिसलं नाही. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांनी रस्त्यावर मोजून पाहिलं तेव्हा मऊ, रुंद टायर मागे पडत नाहीत हे दिसू लागलं. शर्यतीत २३ मिलिमीटर हा जणू धर्म होता. तिथून व्यावसायिक खेळाडू २५ वर आले, मग २८ वर, आणि दगडी रस्त्यांच्या शर्यतींत त्याहून वर गेले.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. रुंदी म्हणजे सर्व काही नव्हे. टायरची बाजू किती लवचिक आहे याला जास्त किंमत आहे. जाडजूड, पंक्चर होऊ नये म्हणून थरावर थर दिलेलं रुंद टायर खरोखरच जड चालतं. आणि रुंद टायर घेऊन त्यात जुन्याच सवयीने ठासून हवा भरली तर सगळा फायदा गेला. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३२ ला ५५ ते ६०, ४० ला ३५ ते ४० इथून सुरुवात करायला हरकत नाही. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त हवा. मग दर फेरीला पाच पीएसआय कमी-जास्त करून बघा. वळणावर टायर लिबलिबतंय असं वाटलं किंवा खड्ड्यात रिम आपटली की समजायचं, हवा कमी पडली. टायरवर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

६५०बी हे काय प्रकरण आहे?

एका चाकाचं माप. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास ५८४ मिलिमीटर. रोड सायकलचं नेहमीचं ७००सी म्हणजे ६२२, जुन्या माउंटन बाइकचं २६ इंची म्हणजे ५५९. फ्रान्समध्ये प्रवासी सायकलींवर ६५०बी खूप चालायचं, कारण चाक थोडं लहान ठेवलं की जाड टायर आणि त्यावर मडगार्ड बसवूनही सायकल आटोपशीर राहते. ते जवळजवळ नामशेष झालं होतं. या शतकात आधी काही प्रवासी सायकलवाल्यांनी ते उचललं, मग माउंटन बाइकच्या जगात तेच ‘२७.५ इंच’ हे नवं नाव घेऊन आलं. माउंटन बाइकचं ‘२९ इंच’ही असंच जुनं आहे, आतलं माप ७००सीचंच, ६२२.

यातून व्यवहाराची एकच गोष्ट घ्या. टायर किंवा ट्यूब आणताना इंचाचा आकडा बघू नका, टायरच्या बाजूला छापलेला मिलिमीटरचा आकडा बघा. ‘३२-६२२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. इंचातली मापं एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या व्यासांची असू शकतात. काळ्या, उभ्या बसणीच्या जुन्या रोडस्टर सायकलींचं २८ इंची चाक बरेचदा ६३५ मिलिमीटरचं असतं, आणि त्यावर ६२२ चं टायर चढणारच नाही.

ग्रॅव्हल सायकल ही नवी युक्ती आहे की जुनीच?

ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यावर चालणारी वाकड्या हॅण्डलची सायकल. नाव नवं आहे, चालवणं जुनं आहे. पहिल्या टूर द फ्रान्सचे रस्ते म्हणजे खडी आणि धूळच होती. ब्रिटनमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ या नावाने लोक एकत्र आले. साध्या प्रवासी सायकली घेऊन ते पायवाटा, खिंडी, ओढे ओलांडत, वेळ पडली तर सायकल खांद्यावर घेत. इटलीत तोस्कानाच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर १९९७ पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी होते. तिथे १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या सायकली आणाव्या लागतात, गिअरची कळ फ्रेमच्या खालच्या नळीवर हवी, ब्रेकची तार उघडी हवी. ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा तिच्यामागचा एक हेतू होता. २०२२ मध्ये तर ग्रॅव्हलची अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. म्हणजे मजेवाल्यांनी जपलेलं शर्यतीने उचललं.

माउंटन बाइकचं मूळही जुन्यातच आहे. कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात सत्तरच्या दशकात काही तरुण मंडळी १९३० च्या दशकातल्या जाड टायरच्या जुन्या, जडशीळ सायकली शोधून आणत आणि डोंगरावरून खाली सोडत. १९७६ मध्ये त्यांनी उतारावर वेळ मोजायला सुरुवात केली. त्या शर्यतीला ‘रिपॅक’ म्हणत, कारण पेडल उलटं मारून लागणाऱ्या ब्रेकमधलं ग्रीस उतरता उतरता जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. ज्यांनी हे केलं त्यांना नवा उद्योग उभा करायचा नव्हता. त्यांना उतरताना मजा येत होती.

आडवं पडून चालवायची सायकल इतकी वेगवान आहे, तर सगळे तीच का चालवत नाहीत?

१९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर या दुय्यम दर्जाच्या मानल्या गेलेल्या खेळाडूने आडव्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. आधीचा विक्रम १९१४ पासून उभा होता. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल तिच्यात बसू नये. शर्यत बंद म्हणजे कारखाने बंद, आणि ती चाळीसेक वर्षं अडगळीत गेली. हौशी लोकांनी सत्तरच्या दशकात तिला पुन्हा बाहेर काढलं. सपाटीवर वारा कमी लागतो, मनगट आणि मान दुखत नाही. चढावर पेडलवर उभं राहता येत नाही आणि गर्दीत तुम्ही खाली असल्याने इतरांना चटकन दिसत नाही, हे तिचं उणं. पाठीच्या दुखण्याने सायकल सोडलेल्या माणसाने एकदा तरी तिच्यावर बसून बघावं असं मला मनापासून वाटतं.

अंडाकृती चेनव्हीलमुळे फायदा होतो का?

१८९० च्या दशकात आलं, गेलं. १९८० च्या दशकात शिमानोने ‘बायोपेस’ आणलं, गेलं. २०१२ ची टूर जिंकताना ब्रॅडली विगिन्स यांच्या सायकलीवर पुन्हा दिसलं. कुणाला गुडघ्याला बरं वाटतं, कुणाला फरक कळत नाही. त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

स्टील की कार्बन?

कार्बन फायबरची फ्रेम हलकी असते, पण वजनाची भीती जरा जास्तच घातली जाते. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल, तर सायकल एक किलोने हलकी झाल्यावर अर्ध्या तासाच्या सलग चढात २०-२२ सेकंद वाचतील. सपाटीवर फरक जाणवणारही नाही. कार्बन उत्तम आहेच. पण स्टीलची फ्रेम घासली, पडली, वाकली तर तिची अवस्था डोळ्यांना दिसते आणि वेल्डिंग करणारा माणूस ती दुरुस्त करू शकतो. अनेक वर्षं सोबत ठेवायच्या सायकलीला हा गुण मोलाचा आहे. टायर आणि बसणी नीट असेल तर आरामाच्या बाबतीत फ्रेमचा धातू फार मागे राहतो.

एका गिअरची सायकल घ्यावी का?

सपाट भागात राहत असाल तर अवश्य. चेन ताणलेली, आवाज नाही, बिघडायला काही नाही, आणि लक्ष रस्त्यावर राहतं. फ्रीव्हील नसलेली, पाय सतत फिरत ठेवावे लागणारी ‘फिक्सी’ शहरात सायकलवरून कागद-पार्सल पोचवणाऱ्यांकडून फॅशनमध्ये आली. ती घेतलीच तर पुढचा ब्रेक काढू नका. बिनब्रेकची सायकल गोल ट्रॅकवर शोभते, कारण तिथे समोरून कुणी येत नाही.

घरात वीस-तीस वर्षांपूर्वीची सायकल आहे. तिच्यावर खर्च करावा की नवी घ्यावी?

आधी फ्रेम बघा. हॅण्डलच्या खाली नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे रंगाला आडवी भेग किंवा नळीला फुगवटा दिसत असेल तर तिने समोरून टक्कर खाल्ली आहे. तिथेच थांबा. फ्रेम सरळ असेल तर सीटचा दांडा हलतो का बघा. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरतात आणि मग तो काढणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. सीटची उंची आहे तशीच तुम्हाला योग्य असेल तर गोष्ट वेगळी. जुनी सायकल विकत घेत असाल तर हे आधीच तपासावं.

मग ब्रेक. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाऊस पडला की ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. माझ्या हातून एका ओल्या उतारावर अपघात होता होता राहिला तो याच कारणाने. त्यानंतर मी चाकं बदलली. अॅल्युमिनियमच्या रिमची चाकं आणि नवे ब्रेकशू हा जुन्या सायकलीवर करण्यासारखा सगळ्यात चांगला खर्च.

चाक बदलताना मागच्या दोन नळ्यांच्या टोकांमधलं अंतर मोजून ठेवा. जुन्या पाच गिअरच्या सायकलींत ते १२० मिलिमीटर असतं, सहा-सात गिअरच्या काळात १२६, नंतरच्या रोड सायकलींत १३० आणि माउंटन बाइकमध्ये १३५. १२६ च्या स्टील फ्रेममध्ये १३० चं चाक हाताने जरा ताणून बसतं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला असं ताणायचा विचारही करू नका.

चेनचं माप घ्यायला साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून बारा इंचांवर बरोबर पिनेचाच मध्य यायला हवा. तो एक षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश इंच गेला असेल तर मागचे दातेही तिने खाल्ले असणार, फ्रीव्हीलही (मागची दातेरी चाकं) बदलावं लागेल. टायरला बोटाने दाबल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर नक्षी कितीही शिल्लक असो, ते टायर टाकून द्या.

आणि इतकं करून ती सायकल तुमच्या मापाचीच नसेल तर ज्याच्या मापाची आहे त्याला देऊन टाका.

मजेसाठी चालवायचं म्हणजे किती वेगाने?

ज्या वेगात पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं त्या वेगाने. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की आपण मर्यादेच्या वर गेलो.

थोडा हिशेब सांगतो. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० वरून २५ वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेसाठीची ताकद जवळजवळ दुप्पट लागते. २० किलोमीटरच्या फेरीत त्यातून बारा मिनिटं वाचतात. ही बारा मिनिटं कशासाठी वाचवायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी ती वाटेत झाडाखाली थांबण्यात घालवतो.

किलोमीटर मोजल्याने, अॅपवर टाकल्याने मजा जाते का?

मोजण्याची हौसही जुनीच आहे. चाकाला लावायचा अंतरमापक कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये आणला आणि तो धडाक्यात खपला. त्याच दशकात एका दिवसात शंभर मैल केल्याबद्दल क्लब पदकं देत. फेऱ्या नोंदवणारं स्ट्राव्हा हे अॅप २००९ मध्ये आलं, आणि त्याने हीच हौस खिशातल्या फोनवर आणली.

मोजणं वाईट नाही. वर्षभरात आपण किती फिरलो हे बघून मलाही आनंद होतो. फक्त फेरी चालू असताना आकडे डोळ्यांसमोर नकोत असं मी सांगेन. यंत्र खिशात ठेवा, घरी येऊन बघा. काल ज्या चढाला अकरा मिनिटं लागली त्याच चढाला आज बारा लागली म्हणून सकाळ खराब झाली, असं दोन-तीनदा झालं की खुशाल महिनाभर मोजणं बंद करा. व्हेलोसिओ यांनी सायकलस्वारांसाठी काही नियम सांगितले होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, असे ते आहेत. त्यातला शेवटचा असा की केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये. तेव्हा अॅप नव्हतं, पण पुढे जाणाऱ्याला गाठायची खुमखुमी होतीच.

लांब अंतर करायचंय, पण शर्यत नको. काही मार्ग आहे?

ब्रेव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं आणि वाटेत ठराविक ठिकाणी नोंद करायची. पहिला-दुसरा नंबर नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात. थांबे, जेवण, पंक्चर, डुलकी सगळं धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी ठेवली की झालं. यातली सगळ्यात प्रसिद्ध पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, जवळपास १२०० किलोमीटरची, कमाल ९० तासांची आणि चार वर्षांतून एकदा होणारी. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. शर्यत विसाव्या शतकाच्या मध्यात बंद पडली, पण प्रवाशांची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आजही हजारो लोक करतात.

सायकलीची लाट दर काही वर्षांनी येते आणि ओसरते. आत्ताचीही ओसरेल का?

ओसरते, हे खरं आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात वेड लागल्यासारखी सायकल खपली, मग मागणीपेक्षा जास्त सायकली निघाल्या आणि कारखाने बंद पडले. १९७० च्या सुरुवातीला पुन्हा तेच झालं. २०२० मध्ये महासाथीच्या काळात दुकानं रिकामी झाली आणि दोन-तीन वर्षांत गोदामं भरून वाहू लागली.

पण प्रत्येक लाटेनंतर सगळीकडे सारखंच झालं नाही. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात रस्त्यावर मुलं मरतात म्हणून आईवडील रस्त्यावर उतरले आणि तिथे सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. बोगोता शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी मोठे रस्ते मोटारींना बंद करतात. आज ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. या दोन्ही ठिकाणी सायकल टिकली. तुमच्या गावातली लाट टिकावी असं वाटत असेल तर नव्या सायकलीच्या चर्चेपेक्षा रस्त्याच्या कडेच्या दोन मीटरांसाठी भांडणं जास्त कामाचं आहे.

दहा-पंधरा वर्षं सायकल चालवलेली नाही. उद्या सकाळी काढायची म्हणतोय. काय बघू?

हवा भरा आणि रात्रभर राहते का बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. चेनला तेलाचे थेंब द्या आणि वरचं जादाचं तेल फडक्याने पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटेल.

सीटची उंची भिंतीला टेकून ठरवा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवड्याने पेडल मारलं की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. हॅण्डल थोडं उंच करून घ्या, सुरुवातीला वाकून बसायची गरज नाही.

पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. मागचं नितंबांचं दुखणं चार-पाच फेऱ्यांत जातं, त्यासाठी लगेच गुबगुबीत सीट विकत घेऊ नका. हलक्या गिअरवर चालवा, पाय भरभर फिरू द्या. आणि निघताना वारा कुठून येतोय ते बघून त्याच्या समोर जा, म्हणजे दमल्यावर परत येताना तो पाठीशी असेल.